अकरा किलोमीटर कमी

हिलाल आबांना माणसांची किळस फार लवकर यायची. धुळ्याला मोजणी खात्यात मी त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे माझ्या लक्षात आलं. शेताच्या मोजणीला गेलो की शेताचा मालक बांधावर चहा आणायचा. आबा कपाकडे बघायचे. कपाच्या काठाला आधीच्या चहाची वाळलेली रेघ असायची. "मी चहा घेत नाही," ते म्हणायचे. घरी दिवसातून पाच वेळा घ्यायचे. पाणी स्वतःचं, भाकरी स्वतःची, ठेचाही स्वतःचाच, आणि जेवायला बसायचं ते विहिरीच्या पलीकडे, सगळ्यांकडे पाठ करून. त्यात जातपात नव्हती. पिंपळनेरकडच्या त्यांच्या गावी सख्ख्या भावाच्या घरचा पेलासुद्धा ते आधी नाकाशी नेत.

मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "सुपडू, कप तर धुता येतो. पण हा माणूस आता चहा पाजेल आणि घटकाभराने म्हणेल, 'आबा, साखळी जरा सैल धरा ना.' ते कशाने धुवायचं?"

आणि खरंच, घटकाभराने तो माणूस तसंच म्हणाला. साखळी म्हणजे आमची जमीन मोजायची लोखंडी साखळी. ती बोटभर सैल धरली की शेजाऱ्याचा बांध हातभर आत सरकतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत आबांनी ती कधी सैल धरली नाही. त्यामुळे त्यांचा सत्कार वगैरे कोणी केला नाही. शिव्या मात्र पुष्कळ मिळाल्या. वितीभर जमिनीसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या तोंडावर थुंकताना त्यांनी पाहिले होते. एका म्हातारीला तिच्याच मुलांनी मोजणीच्या तिपाईवरच्या फळ्यासमोर ढकलून पाडलं, तेव्हा मीही तिथे होतो. आबांनी तिला उठवलं, मोजणी पुरी केली आणि परत येताना एस.टी.च्या खिडकीतून बाहेर थुंकत राहिले. दर दोन मैलांना एकदा.

असा हा माणूस घरी आला की गच्चीवर जायचा आणि कबुतरांची विष्ठा उघड्या हातांनी खरवडायचा.

देवपुरात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. गच्चीवर लाकडी ढाबळ, तीत वीस-बावीस पाखरं. वच्छलाबाई, त्यांच्या पत्नी, खालून ओरडायच्या, "माणसाचा पेला चालत नाही आणि पाखराची घाण चालते! हात धुतल्याशिवाय ताटावर बसू नका." आबा निमूट हात धुवायचे. पाखरांचा पहिला जोड त्यांना झुलाल नानांनी दिला होता. झुलाल नाना शेजारच्या गल्लीत राहायचे. आधी कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, ते सुटल्यावर पितांबर शेठच्या तेलगिरणीत लागले. आबांना ज्याच्या घरचा चहा चालायचा, असा सगळ्या धुळ्यात हा एकच माणूस.

पितांबर शेठ मूळचे फैजपूरकडचे. घरची केळी, इथे तेलाचा धंदा आणि पाखरांचा भारी नाद. त्यांनीच शौकिनांचं मंडळ काढलं आणि एकोणऐंशी साली शर्यत सुरू केली. एप्रिलच्या एका रविवारी सगळ्यांची पाखरं जळगावला नेऊन सोडायची. ज्याचं पाखरू धुळ्याला आपल्या गच्चीवर आधी पोचेल, त्याला ढाल.

अंतर मोजायचं काम साहजिकच आबांकडे आलं. रस्त्याने जळगाव म्हणजे पारोळा, एरंडोल करत पंचाण्णव किलोमीटर आणि एस.टी.ला अडीच तास. पण पाखरू रस्त्याने जात नाही. आबांनी नकाशे जोडले, जळगावच्या मैदानापासून धुळ्यापर्यंत सरळ रेघ मारली आणि तीनदा मोजली. त्र्याऐंशी किलोमीटर. मंडळाच्या वहीत तो आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. वारा पाठीशी असला तर चांगलं पाखरू तासाभरात येई. वारा पडलेला असला तर सव्वा तास. समोरचा, म्हणजे पश्चिमेचा वारा लागला तर दोन तासांच्या आसपास. त्यांनी हे सगळं वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं.

नऊ वर्षांत ढाल त्यांना एकदाही मिळाली नाही. पितांबर शेठना तीनदा मिळाली. आबांना त्याचं वाईट वाटायचं, पण राग यायचा नाही. "पाखरू खोटं उडत नाही," ते म्हणायचे. "त्याचं पाखरू चांगलं, माझं कमी. मिटलं."

अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं. मे महिन्याच्या अखेरीला आबा निवृत्त होणार होते. त्या वर्षी त्यांच्याकडे काजळी होती. राखाडी रंगाची मादी, डोळ्याभोवती काळी कड, उजव्या डोळ्यावर एक पांढरं पीस. शनिवारी दुपारी झुलाल नाना आणि शेठचा ड्रायव्हर जीपमध्ये टोपल्या भरून नेहमीसारखे जळगावला गेले. पाखरं सोडायचं काम दरवर्षी या दोघांकडेच असे. प्रत्येक पाखराच्या पायात रबराचं कडं घालायचं, त्यावर गुप्त आकडा, आणि आकड्यांची यादी बंद पाकिटात, अशी पद्धत. प्रत्येक गच्चीवर मंडळाचा एक माणूस घड्याळ घेऊन बसायचा. सगळी घड्याळं जळगाव आकाशवाणीच्या वेळेला लावलेली.

रविवारी सकाळी मी आबांच्या गच्चीवर होतो. पश्चिमेचा वारा सुटला होता. वच्छलाबाईंची वाळत घातलेली लुगडी जळगावच्या दिशेला फडफडत होती. आबा म्हणाले, "आज पावणेदोन तास तरी लागतील. नऊपर्यंत निवांत बसा." जळगावला सातला टोपल्या उघडायच्या होत्या.

सात एकोणपन्नासला काजळी गच्चीवर उतरली.

मंडळाचा माणूस चहा पीत होता, त्याचा चहा सांडला. आबा तर जागचे हललेच नाहीत. मग हळूच पुढे होऊन त्यांनी तिला हातात घेतलं, पायातलं कडं पाहिलं आणि सवयीप्रमाणे तिला नाकाशी नेलं. क्षणभर त्यांचा चेहरा कपाची कड पाहिल्यासारखा झाला. मी ते पाहिलं. पण तोवर त्या माणसाने गच्चीच्या कठड्यावरून खाली आरोळी ठोकली होती, गल्लीतली माणसं वर धावत आली, आणि कोणीतरी आबांच्या डोक्यावर गुलाल उधळला.

दुसरं पाखरू आलं ते आठ बावन्नला, शेठच्या गच्चीवर. काजळीनंतर एक तास तीन मिनिटांनी.

दुपारी शेठच्या आवारात वरण-बट्टीचं जेवण होतं. पाकीट फोडलं, कड्यावरचा आकडा जुळला. फोटो निघाला, ढाल मिळाली. पितांबर शेठनी स्वतःच्या बोटांनी आबांच्या तोंडात पेढा कोंबला. बोटांना बट्टीचं तूप लागलेलं होतं. झुलाल नाना टाळ्या वाजवत होते, डोळ्यात पाणी आलं होतं त्यांच्या. आबांनी तो पेढा खाल्ला. मला आश्चर्य वाटलं. म्हटलं, आनंदात माणूस सगळं विसरतो.

चारच्या सुमाराला त्यांना घरी पोचवलं. ढाल खाटेवर टाकून ते थेट मागच्या दारी मोरीपाशी गेले, घशात दोन बोटं घातली आणि पेढा, बट्टी, सगळं ओकून टाकलं. चूळ भरून आत आले आणि नकाशा पसरला.

"त्र्याऐंशी किलोमीटर एकोणपन्नास मिनिटांत," ते म्हणाले. "म्हणजे ताशी शंभराच्या वर. आणि वारा समोरून."

"वर आभाळात वारा वेगळा असेल, आबा."

"बाकीची पाखरं त्याच आभाळातून आली ना? त्यांतल्या पहिल्यालाच एक तास बावन्न मिनिटं लागली." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "ती उतरली तेव्हा तिची चोच मिटलेली होती. समोरच्या वाऱ्यात जळगावहून आलेलं पाखरू चोच उघडी टाकून धापा टाकतं. आणि तिच्या पंखांना तळणाच्या तेलाचा वास होता. जळलेल्या, काळ्या तेलाचा. मला तेव्हाच कळलं, सुपडू. तेव्हाच. आणि मी गुलाल लावून घेतला, हार घालून घेतला. दुपारपर्यंत गप्प बसलो. थू!"

ते स्वतःवरच थुंकल्यासारखं वाटलं मला. मी बोलायला नको ते बोललो. "आबा, नऊ वर्षांनी मिळाली आहे. पुढच्या महिन्यात रिटायर होताय. राहू द्या ना आता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेतमालक चहा पाजून साखळीचं बोलायचा, तेव्हा त्याच्याकडे जसं पाहत, अगदी तसंच. मी मान खाली घातली.

सोमवारी कचेरी सुटल्यावर ते ढाल वर्तमानपत्रात गुंडाळून सहा नंबरच्या गल्लीत, शेठच्या पेढीवर गेले. मीही सोबत गेलो, थोडा लाजेने, थोडा काळजीने. शेठ गादीवर पाय पसरून बसले होते. मंडळाची आणखी दोन-चार माणसं होती. आबांनी ढाल समोर ठेवली.

"ही घ्या. माझं पाखरू जळगावहून आलेलं नाही."

"मग काय मुंबईहून आलं?" शेठ म्हणाले. सगळे हसले.

आबांनी हिशोब सांगितला. वेग सांगितला, वाऱ्याचं सांगितलं, उघड्या चोचीचं सांगितलं. मी पाहत होतो, एकाही चेहऱ्यावर नवल नव्हतं. उलट अवघडलेपण होतं. लग्नात कोणी नको ती गोष्ट काढली की होतं तसं. एकाने नखाने दात कोरायला सुरुवात केली.

"आबा," शेठ अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ढाल परत घेतली तर चर्चा होणार. फोटो पेपरात गेलाय. मंडळाचं नाव जाईल. तुमचं म्हणणं काय, वेग जास्त होतो, हेच ना?"

"होय."

"मग अंतर कमी करा."

आबांना कळेना. मलाही.

"अंतर मोजलं कोणी? तुम्हीच. नकाशावर. नकाशा माणसानेच काढलाय, चुकू शकतो. सत्तर-बहात्तर किलोमीटर धरा. मग वेग बसतो बरोबर. मागच्या सगळ्यांचाही बसतो." शेठनी वही पुढे सरकवली. "तुमच्याच हाताने दुरुस्त करा. तुमच्या अक्षराला किंमत आहे."

चौतीस वर्षांत शेकडो माणसांनी आबांना बांध सरकवायला सांगितला होता. पण जळगावच धुळ्याच्या जवळ आणा, असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी वही परत शेठकडे सरकवली. पण ते ओरडले नाहीत. शेठच्या त्या पांढऱ्या गादीवर तंबाखूचा एक डाग होता, त्याकडे बघत ते म्हणाले, "जळगाव जिथे आहे तिथेच आहे." आणि ढाल तिथेच टाकून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी शेठच्या नोकराने ढाल घरी आणून ठेवली.

"मला हे सोडून द्यायचं नाही," आबा म्हणाले. "मी काजळीला स्वतः घेऊन जातो. त्याच मैदानातून सोडतो. किती वेळ लागतो तो सगळ्यांना दाखवतो."

पुढच्या रविवारी पहाटेच्या पहिल्या गाडीने आम्ही निघालो. धुळ्याच्या गच्चीवर वेळ टिपायला वच्छलाबाई आणि शेजारच्या शाळामास्तरीण कुंदाबाई. मंडळाच्या एकानेही यायला होकार दिला नव्हता. आबांनी झुलाल नानांनाही विचारलं होतं. गुडघा दुखतो म्हणाले. काजळी वेताच्या टोपलीत, टोपली आबांच्या मांडीवर. कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट फाडायची थट्टा केली, आबा हसले नाहीत.

पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. उजाडत होतं. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवाल्याने नुकताच स्टोव्ह पेटवला होता. भज्यांच्या कढईत कालचंच काळं तेल. आबा खाली उतरले आणि दोन पावलांवर थबकले. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. टोपली हातात तशीच.

टपरीवाल्याने टोपलीत डोकावून पाहिलं आणि एकदम ओळखीचं हसला. "अरे, हे तर तेच पाखरू! डोळ्यावर पांढरं पीस. मागच्या शनिवारी रात्रभर माझ्याकडेच होतं. तुम्ही नानांचे का कोणी?"

"कोणते नाना?" आबांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"झुलाल नाना. तेलगिरणीची जीप असते ना त्यांची. दरवर्षी एखादं पाखरू ठेवून जातात. या खेपेला म्हणाले, सकाळी पावणेआठला सोड. पण हे फार फडफड करत होतं हो, टोपली भज्यांच्या कढईजवळ. पिसं उडायला लागली, गिऱ्हाईक वैतागलं. म्हणून मी सातलाच सोडून दिलं." तो जरा घाबरला. "चुकलं का काही?"

"नाही," आबा म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही."

पारोळा ते धुळे, हवेतून छत्तीस किलोमीटर. समोरच्या वाऱ्यात एकोणपन्नास मिनिटं. पावणेआठला सुटली असती तर साडेआठनंतर पोचली असती, आणि कोणालाच शंका आली नसती. हिशोब मलाही उभ्या उभ्या सुटला. मी म्हटलं, "आबा, परत फिरू. आता कळलंच की."

"नाही. आता तर मोजलंच पाहिजे."

ते गाडीत जाऊन बसले. एरंडोल गेलं. गाडीतल्या एका माणसाने पानाची पिचकारी टाकली आणि तिचे थेंब टोपलीवर उडाले, तेव्हा आबांनी स्वतःच्या धोतराच्या टोकाने टोपली पुसली आणि म्हणाले, "वीस वर्षं. वीस वर्षं मी त्याच्या घरचा चहा प्यालो."

मैदानात सात वाजून तीस मिनिटांनी त्यांनी काजळीला सोडलं. ती दोन गिरक्या घेऊन पश्चिमेकडे वळली. वारा जवळजवळ त्या दिवसासारखाच होता. आम्ही लगेच परतीची गाडी धरली. दुपारी घरी पोचलो तर वच्छलाबाई दारातच उभ्या.

"तुमचं पाखरू तुमच्या आधी येऊन, खाऊन, झोपलंसुद्धा," त्या म्हणाल्या. कुंदाबाईंनी वहीचं पान पुढे केलं. नऊ वाजून सोळा मिनिटं, खाली दोघींच्या सह्या. एक तास शेहेचाळीस मिनिटं. "आणि आली तेव्हा चोच अशी उघडी," वच्छलाबाईंनी तोंड उघडून दाखवलं. "मी पाणी पाजलं तिला."

आबांनी पान घडी करून खिशात ठेवलं आणि चप्पल न काढता झुलाल नानांच्या घरी गेले.

नाना ओट्यावर बसले होते. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, आम्हाला पाहून ताडकन उठले. त्यांना आबांच्या तोंडावरूनच कळलं. त्यांनी आत वळून चहा ठेवायला सांगितलं. आबा म्हणाले, "चहा नको."

दोघं एकमेकांशी नेहमी अहिराणीत बोलत.

"पारोळाना टपरीवाला भेटना," आबा म्हणाले.

नानांनी खांद्यावरच्या उपरण्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "तुले एकदाव तरी ढाल भेटाले जोयजे व्हती, हिलाल. तू रिटायर व्हई ऱ्हायना. मी दुसरं काय देऊ तुले? मी वाईट करासाठे नही करं."

"आणि शेठना तीन ढाला?"

नाना पुन्हा ओट्यावर बसले.

"त्या बी पारोळाथीनच?"

"माले त्यास्नीच गिरणीमा काम करनं शे," नाना म्हणाले. "ड्रायव्हर आणि मी. आम्हीच ठेवूत पाखरू. दुसरा बी करतस. कोणी एरंडोलले ठेवाले सांगस, कोणी पारोळाले. बठ्ठाच करतस, हिलाल. तू एकलाच नही करस."

"म्हनजे मी नऊ साल हारू, आणि तू पाहत ऱ्हास. संध्याकायले मन्हा गच्चीवर येस. म्हनस, 'पाखरू कमी पडनं, भाऊ, दाना बदली पाह्य.' मी दाना बदलू. पाखरास्ले दोष देऊ." आबा म्हणाले. "माले एकदाव बी सांगं नही तू?"

"सांगतू तर तू पाखरंच इकी टाकता. मंग मी संध्याकायले कोठे जातू?"

हे नानांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की मला गलबललं. पण आबांना नाही. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, ते पुन्हा ओकतील. ते मागे सरले. नानांच्या पत्नी चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता आबा ओट्यावरून उतरले. मी एक कप घेतला. आबा वळून म्हणाले, "पी तू. तुला चालतं." तो चहा माझ्याने प्यायला गेला नाही.

आबांनी ते पान, दोघींच्या सह्यांसकट, मंडळाला पाठवलं. उत्तर आलं नाही. मंडळाच्या पाच-सहा माणसांच्या घरी ते स्वतः गेले. कोणी भेटलं नाही, कोणी म्हणालं, "आबा, हौसेचा खेळ आहे, कोर्ट आहे का हे?" एकाने तर सरळ विचारलं, "तुम्हाला ढाल मिळाली ना? मग तक्रार कशाची?" वर्तमानपत्रवाल्याने त्यांचं पत्र छापलं नाही. जागा नव्हती म्हणाला. त्याच दिवशीच्या अंकात कुठल्यातरी दुकानाच्या उद्घाटनाचे तीन फोटो होते. ढालीवर त्यांच्या नावाची पितळी पट्टी होती. आबांनी तिचे स्क्रू काढले, पट्टी वेगळी केली, आणि बिननावाची ढाल पुन्हा पेढीच्या पायरीवर ठेवून आले. या वेळी ती परत आली नाही. पट्टी त्यांनी पांझरेच्या पुलावरून पाण्यात टाकली. पाणी कसलं, मेच्या अखेरीला नदीत गटारच वाहायचं. "योग्य जागी गेली," ते म्हणाले.

निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. नारळ घेतला आणि घरी गेले.

पुढच्या वर्षी शर्यतीचं पत्रक निघालं. गुलाबी कागद, वर कबुतराचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत छापलेलं: 'जळगाव ते धुळे, हवाई अंतर ७२ किलोमीटर.' मी ते कचेरीतून आबांना दाखवायला नेलं. न्यायला नको होतं. त्यांनी ते वाचलं आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून लांब केलं, मेलेला उंदीर धरावा तसं.

"वितीसाठी भांडणारे बरे होते, सुपडू. त्यांना निदान लाज तरी होती, चोरून विचारायचे," ते म्हणाले. "यांनी अकरा किलोमीटर खाल्ले. छापून."

आणि गंमत म्हणजे पत्रकातलं ते अंतर लोकांच्या तोंडी बसलं. चहाच्या टपरीवर कोणी विचारलं की जळगाव सरळ किती पडतं, तर उत्तर यायचं, बहात्तर. मी एकदा त्र्याऐंशी म्हटलं तर एक जण माझ्याशी वाद घालायला लागला. त्याच्याकडे पत्रक होतं.

आबांनी पाखरं काढून टाकायचं ठरवलं. सगळी टोपल्यांत भरून गावी भावाकडे नेऊन दिली. तीन दिवसांत त्यातली सतरा परत देवपुरात, गच्चीवर. वच्छलाबाईंनी ढाबळीचं दार उघडलं आणि ज्वारी टाकली. "माणसांचा राग पाखरांवर कशाला?" त्या म्हणाल्या. "यांनी कोणाचं काय केलंय?" मग आबांनीही विषय सोडला. ती शर्यतही पुढे दोन वर्षांत बंद पडली. पितांबर शेठना क्रिकेटच्या सामन्यांचा नाद लागला, आणि कबुतरांच्या मंडळातली निम्मी माणसं त्यांच्याबरोबर तिकडे गेली.

ब्याण्णव साली माझी नंदुरबारला बदली झाली. जायच्या आधी निरोप घ्यायला गेलो तर आबा गच्चीवर ढाबळ साफ करत होते. आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, कठड्याला टेकून झुलाल नाना बसले होते. म्हातारे दिसत होते, गुडघा आता खरंच सुजला होता. दोघांमध्ये पंधरा हातांचं अंतर.

खाली उतरताना मी आबांना हळूच विचारलं, "मिटलं का मग?"

"काय मिटायचंय?" ते चिडले. "महिना झाला, रोज येतो. जिना चढून येतो, बसतो, जातो. मी बोलत नाही. त्याच्याकडे पाहिलं की अजून थुंकावंसं वाटतं." ते पायरीवर थांबले. "पण हाकलायला तोंड उघडावं लागतं. तेही नको वाटतं."

वरून नानांचा आवाज आला, "आज वारा कथाईन शे, हिलाल?"

आबा पुढची पायरी उतरले. स्वयंपाकघरातून वच्छलाबाईच म्हणाल्या, "पश्चिमना शे, नाना. लुगडं जळगावकडेच उडी ऱ्हायनं, दखात नही का?"